समानता आणि शांतता : यात पुरुषांचं काम नेमकं कोणतं?

पारवा (धागाकर्ता)

स्त्री-पुरुष समानतेवर बोलायला उभं राहिलं की समोरच्या पुरुषांकडून एक प्रश्न हमखास येतो, "ठीक आहे, पटलं. मग आता आम्ही करायचं काय?" तरुण मुलग्यांचे संवादगट चालवत असल्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला सारखा येतो. उत्तरादाखल बहुतेक वेळा 'स्त्रियांचा आदर करा, घरात हातभार लावा' एवढंच सांगून बोळवण केली जाते. मला ते अपुरं वाटतं, म्हणून हा धागा.

आधी माझं मत मांडतो. युद्ध असो, दंगल असो की दोन गटांतलं जुनं वैर असो, हत्यार उचलणारे हात बहुतेक पुरुषांचे असतात. खुनांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१९ च्या अहवालात संशयितांपैकी सुमारे ९० टक्के पुरुष होते आणि जिवाला मुकलेल्यांतही सुमारे ८० टक्के पुरुषच. पुढे तह करायला बसतात तेही पुरुषच. १९९२ ते २०१९ या काळातल्या मोठ्या शांतताप्रक्रियांमध्ये वाटाघाटी करणाऱ्यांत स्त्रिया सरासरी १३ टक्के होत्या. मध्यस्थांत ६ टक्के, सह्या करणाऱ्यांत ६ टक्के. त्या तहात जगायचं मात्र सगळ्यांनी.

स्त्रियांना या चर्चांमध्ये स्थान असावं असं सांगणारा सुरक्षा परिषदेचा १३२५ क्रमांकाचा ठराव ३१ ऑक्टोबर २००० ला मंजूर झाला. पण हे स्थान मिळणार कसं? आत्ता जे खुर्च्या अडवून बसलेत त्यांनी सरकून जागा केल्याशिवाय ते मिळणं अवघड आहे. म्हणून मला वाटतं, बायकांना मार्गदर्शन करत बसण्यापेक्षा जिथे बायका हजरच नसतात अशा पुरुषांच्या बैठकीत तोंड उघडणं हे आपलं पहिलं काम आहे.

पटतंय का? तुमच्या पाहण्यात किंवा वाचनात कुणा पुरुषाने असं काही प्रत्यक्ष केलेलं असेल तर तपशिलात लिहा. घोषणा नकोत.

झुळूक

चांगला विषय. माझ्या निवडक दहा धाग्यांत टाकला. सविस्तर लिहायला रात्री येते.

तळटीप

१३२५ चा उल्लेख आलाच आहे तर त्यामागची एक गोष्ट सांगतो, ती तुमच्या मुद्द्याला धरूनच आहे. मार्च २००० मध्ये सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद बांगलादेशकडे होतं आणि त्यांचे राजदूत अन्वारुल करीम चौधरी अध्यक्षाच्या खुर्चीवर होते. ८ मार्चला त्यांनी परिषदेच्या वतीने निवेदन काढलं की समानता आणि शांतता यांची सांगड आहे. आज वाचताना हे साधं वाटेल, पण तोवर तिथे स्त्रियांकडे बघायचं ते युद्धाची झळ पोचलेल्या म्हणून. तह घडवणाऱ्या म्हणून त्यांचा विचार फारसा होत नसे. अध्यक्षपद महिन्याभरात फिरतं. त्या महिन्याचा त्यांनी असा उपयोग केला. पुढे ऑक्टोबरमध्ये नामिबियाकडे अध्यक्षपद आलं आणि ठराव झाला.

अर्थात ठराव पुढे रेटला तो जगभरच्या स्त्री-संघटनांनी. त्यांनी राजदूतांच्या दाराशी खेटे घातले नसते तर नुसत्या निवेदनाने काही झालं नसतं.

आभा

तळटीप, शेवटचे दोन वाक्य लिहिल्याबद्दल आभार, नाहीतर मीच लिहिणार होते.

पारवा, तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही. पण मला या 'पुरुषांचा सहभाग' प्रकरणाची थोडी धास्ती वाटते, आणि ती अनुभवातून आलेली आहे. मी मारहाण होणाऱ्या बायकांसाठीच्या निवाऱ्यात काम करते. आम्हाला निधी देणाऱ्या एका संस्थेने मध्येच धोरण बदललं. आता आम्ही पुरुषांबरोबरच्या कामाला प्राधान्य देणार, म्हणाले. रात्रीच्या हेल्पलाइनवर बसणाऱ्या बाईचा पगार त्या वर्षी कुठून द्यायचा या विवंचनेत आम्ही होतो, आणि त्याच वेळी एका आलिशान सभागृहात पुरुषांची शपथ घ्यायला रांग लागली होती. फोटो छान आले.

पुरुषांबरोबर काम व्हायला हवं, नक्की हवं. पण त्यासाठीचा पैसा निवाऱ्याच्या पैशातून काढायचा नाही. आणि पुरुषांचे कार्यक्रम ठरवताना त्याच भागात काम करणाऱ्या बायकांना आधी विचारायचं. एवढ्या दोन अटी मान्य असतील तर पुढे बोलू.

पारवा

आभाताई, दोन्ही अटी मान्य. दुसरी तर मला फार महत्त्वाची वाटते. पुरुषांसोबत काम करणाऱ्या संस्थांची 'मेनएंगेज' नावाची जागतिक आघाडी २००४ पासून आहे, तिच्यातही हाच मुद्दा सतत चर्चेत असतो, की आपण स्त्री-चळवळीला उत्तरदायी आहोत. कागदावर आहे ते प्रत्यक्षात किती येतं हे तुमच्यासारख्यांनीच तपासायला हवं.

धूमकेतू

मला थोडं वेगळं म्हणायचंय. धाग्याच्या सुरुवातीलाच आकडे दिलेत. मारणारे ९० टक्के पुरुष, हे सगळ्यांनी उचललं. मरणारे ८० टक्के पुरुष, याच्यावर एक ओळही कुणी लिहिली नाही. युद्धात आधी मुलग्यांनाच भरती करतात. कैदेत छळ होतो, लैंगिक अत्याचारसुद्धा होतात, आणि तो पुरुष जन्मभर कुणाला सांगत नाही. त्याच्यासाठी निवारा नाही, हेल्पलाइन नाही. आणि आम्ही मात्र कायम आरोपीच्या पिंजऱ्यात. मग पुरुष अशा चर्चांपासून लांब पळतात म्हणून नवल का करायचं?

झुळूक

धूमकेतू, हा मुद्दा खरा आहे आणि तो मांडलास ते बरं केलंस. फक्त तो आभाच्या मुद्द्याच्या विरुद्ध टोकाला ठेवू नकोस. सुरक्षा परिषदेच्या २०१३ च्या २१०६ क्रमांकाच्या ठरावात युद्धातल्या लैंगिक हिंसेची झळ पुरुषांना आणि मुलग्यांनाही पोचते असा उल्लेख आहे. हा विषय तिथवर आला कारण आधी बायकांनी बलात्काराला युद्धाचा 'स्वाभाविक' भाग मानायला नकार दिला. वाट त्यांनी पाडली, आता तिच्यावरून पुरुषही चालू शकतात.

नीरज२

धूमकेतूच्या मुद्द्याला जोडून. पुरुषांना युद्धावर ढकलायला 'मर्दानगी'च वापरली जाते, याचं ठळक उदाहरण पहिल्या महायुद्धातलं आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स पेनरोझ फिट्झजेराल्ड नावाच्या निवृत्त अ‍ॅडमिरलने मोहीम काढली. लष्करी गणवेशात नसलेला तरुण रस्त्यात दिसला की बायकांनी त्याच्या हातात पांढरं पीस द्यायचं. पीस म्हणजे भित्रेपणाचा शिक्का, चारचौघांत. कित्येक जण या लाजेपोटी भरती झाले. १९१६ मध्ये सक्तीची भरती आली. तेव्हा 'माझ्या सदसद्विवेकाला हे पटत नाही' म्हणून सुमारे १६ हजार पुरुषांनी लढायला नकार दिला. हजारो तुरुंगात गेले, घरच्यांनी तोंड फिरवलं, सुटल्यावर नोकऱ्या मिळेनात.

माझ्या लेखी धाग्याच्या प्रश्नाचं एक उत्तर हे नकार देणारे पुरुष आहेत. आणि मोहिमेचा हुकूम अ‍ॅडमिरलचा होता, पीस देणारे हात बायकांचे होते, हेही लक्षात घ्यावं. पुरुषाने कसं वागावं याचे नियम घरातली सगळीच माणसं शिकवत असतात.

गवती

+१ नीरज२. पिसांबद्दल माहीत नव्हतं. वाचून अंगावर काटा आला.

अनाहत

लायबेरियाचं उदाहरण अजून कसं आलं नाही? २००३ मध्ये तिथे यादवी चालू होती आणि घानाची राजधानी अक्रा इथे वाटाघाटी. लेमा गबोवी आणि त्यांच्या बरोबरच्या ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून तिथे पोचल्या. आत पुरुष आठवडेच्या आठवडे हॉटेलात राहून मंत्रिपदांची वाटणी करत होते, तिकडे लायबेरियाच्या राजधानीत बॉम्ब पडत होते. शेवटी जुलैत या बायकांनी सभागृहाच्या दारात हातात हात गुंफून बैठक मारली. तह झाल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही.

इथे एक पुरुष महत्त्वाचा ठरतो. नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख जनरल अब्दुस्सलामी अबूबकर मध्यस्थ होते. सुरक्षारक्षक बायकांना हटवायला आले, पण अबूबकर यांनी तसं होऊ दिलं नाही. लढणाऱ्या टोळीचा एक सरदार बायकांना ओलांडून बाहेर पडू बघत होता, त्याला त्यांनी परत आत पाठवलं. गबोवी सांगतात त्याप्रमाणे, तू खरा पुरुष असतास तर आपल्याच माणसांना मारलं नसतंस, अशा अर्थाचं ते त्याला म्हणाले. १८ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या. गबोवींना २०११ चं नोबेल मिळालं.

मध्यस्थाला सोपी वाट मोकळी होती. दार मोकळं करून घेतलं असतं तर कुणी जाबही विचारला नसता.

आभा

प्रसंग जबरदस्त आहे. पण "खरा पुरुष असतास तर..." हे मला खटकतं. नीरजने वर पिसांचं सांगितलं, तिथेही हेच वाक्य होतं की! खरा पुरुष असशील तर लढ. इथे खरा पुरुष असशील तर लढू नकोस. मोजपट्टी तीच राहिली. उद्या ती पुन्हा उलटी धरता येते.

अनाहत

मान्य, पण त्या क्षणी काय करणार? समोर हातात बंदुका असलेला माणूस आहे. त्याला समजेल त्याच भाषेत बोलायला हवं. मोजपट्टी मोडायला पिढी जाते, तह त्याच महिन्यात हवा होता.

पारवा

या वादात मी मध्येच आहे. आमच्या गटात सुरुवातीला 'खरा पुरुष कसा असतो' यावर एक सत्र घ्यायचो, म्हणजे खरा पुरुष रडतो, खरा पुरुष हात उगारत नाही वगैरे. पोरं उत्साहाने बोलायची. पण त्यात जो मुलगा मुळातच 'पुरुषी' नाही म्हणून चिडवला जायचा, तो सगळा वेळ गप्प बसून असायचा. म्हणून आता ते सत्र बंद केलं. त्याऐवजी एकच प्रश्न विचारतो, "शेवटचं तुला कुणी विचारलं, की तुला भीती वाटतेय का?" पहिल्या खेपेला सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. मग एकजण अगदी हळू म्हणाला, "भांडायला निघताना वाटते. पण गाडीवर मागे बसलेला असतो ना, उतरता येत नाही." त्यानंतर दीड तास कुणी घड्याळ पाहिलं नाही. 'गाडीवरून उतरायचं कसं' हा आता आमच्या गटाचा नेहमीचा विषय आहे. निमित्त काय सांगायचं, कुणाला आधी फोन करायचा, दोघं मिळून उतरलं तर सोपं जातं का, असं सगळं.

धूमकेतू

हे आवडलं. अशा गटात मी येईन.

सावरी

अवांतर होईल, पण धाग्यावर आत्तापर्यंत बायका १३ टक्क्यांपेक्षा बऱ्याच जास्त आहेत. सुरक्षा परिषदेला कळवा रे कुणीतरी! :)

तळटीप

सावरी :)

लायबेरियाच्या शेजारचंच एक उदाहरण देतो, पुरुषांनी आखलेल्या योजनेत काय सुटतं याचं. सिएरा लिओनमधली यादवी संपताना लढवय्यांची शस्त्रं जमा करून त्यांना नव्या आयुष्याला लावायची योजना आली. मदत हवी तर शस्त्र आणून दाखवा, अशी साधारण अट. ७२ हजारांहून अधिक लोकांची नोंद झाली, त्यात बायका ५ हजारांहूनही कमी. बायका नव्हत्या असं नाही. सैन्याबरोबर पळवून नेलेल्या मुली होत्या, स्वयंपाक करणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, कमांडरची 'बायको' म्हणून ठेवलेल्या, आणि स्वतः लढलेल्याही होत्या. कित्येकींच्या हातातली बंदूक नोंदणीच्या आधीच कमांडरने काढून दुसऱ्याला दिली. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर 'लढवय्या' म्हणजे बंदूकवाला पुरुष एवढीच प्रतिमा होती. एका बाईने खोलीत विचारलं असतं, "आणि भांडी घासणारी मुलगी कुठे जाणार?" तर अट बदलली असती.

गवती

किंवा एका पुरुषाने.

तळटीप

हो, किंवा एका पुरुषाने. बरोबर.

कातरवेळ

पारवा यांनी तपशील मागितलाय म्हणून लिहिते. दोन गटांत जुनी भांडणं असलेल्या एका वस्तीत तंटा मिटवायला समिती होती. सगळे पुरुष. बैठक रात्री नऊला. बायका येत नाहीत, त्यांना रसच नाही, असं दर वेळी इतिवृत्तात लिहिलं जायचं. समितीतल्या एका वयस्क सदस्याने वेळ दुपारी चारची करायचा प्रस्ताव मांडला. आणि नुसती वेळ बदलून थांबले नाहीत, शेजारच्या खोलीत मुलं सांभाळायला ते स्वतः आणि अजून एक गृहस्थ बसले. म्हणजे बैठकीतली आपली जागा त्यांनी मोकळी केली. बाकीचे सदस्य त्यांच्यावर चांगलेच वैतागले होते.

बायका आल्या. पहिल्या बैठकीत दाराजवळ बसल्या, दुसऱ्या बैठकीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. आणि विषयच बदलला. तोवर सगळी चर्चा 'सुरुवात कुणी केली' यावर अडकलेली असायची. एका बाईने विचारलं, की मुलींनी शाळेला जायचा मधला रस्ता बंद आहे तो कधी उघडणार, कुणाच्या जबाबदारीवर, कुठल्या दिवसापासून? 'सुरुवात कुणी केली' याचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही. रस्ता उघडला.

झुळूक

कातरवेळ, कसलं सुंदर लिहिलंयस! मुलं सांभाळायला बसलेले काका मला फार आवडले.

आले तर खरी, पण आता माझा मुद्दा जरा छोटा वाटतोय. घरातलं काम आणि शांतता यांचा संबंध काय, असं काहींना वाटतं. रवांडामध्ये 'बंदेबेरेहो' नावाचा उपक्रम झाला. लहान मुलांचे बाप आणि होऊ घातलेले बाप यांच्यासाठी १५ सत्रं, त्यातल्या काही सत्रांना जोडीदारीणही बरोबर. बाळाला आंघोळ घालण्यापासून पैशाचे निर्णय कोण घेतं, राग आला की काय करायचं, इथपर्यंत. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून तुलना केली होती आणि निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या घरांतले पुरुष सत्रांना गेले तिथल्या बायकांनी सांगितलेली मारहाण स्पष्टपणे कमी होती. पुरुषांना विचारून नाही हं, बायकांना विचारून. १९९४ च्या नरसंहारातून गेलेल्या देशात हे झालंय, म्हणून मला ते मोठं वाटतं.

नीरज२

आणि नुसत्या प्रबोधनावर सोडायचं नाही, नियमही बदलावे लागतात. स्वीडनने १९७४ मध्ये आई-बाप दोघांना मिळून पालकत्वाची रजा दिली. बापांनी ती फारशी घेतलीच नाही. १९९५ मध्ये एक महिना असा राखून ठेवला की घेतला तर घ्या, नाहीतर बुडाला. तेव्हा बाप घरी दिसायला लागले. आता हे राखीव दिवस ९० आहेत.

धूमकेतू

रजेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ती मागणारा पुरुष ऑफिसात चेष्टेचा विषय होतो, आणि चेष्टा करणारे फक्त पुरुष नसतात. एवढी नोंद करून ठेवतो.

माळरान

इथे फक्त वाचत असतो, पहिल्यांदाच लिहितोय. वय २२. सगळी उदाहरणं मोठ्या माणसांची आहेत. राजदूत, जनरल, समितीचे सदस्य. माझ्याकडे खुर्ची नाही. माझ्याकडे मित्रांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात एका मुलीचे फोटो फिरतात, किंवा दुसऱ्या गटाच्या बायकांबद्दल काहीतरी घाण लिहिलं जातं. मला ते पटत नाही. पण बोललो तर मी एकटा पडणार. परवा 'हे चुकीचं आहे' एवढंच लिहिलं, तर दिवसभर माझ्यावरच विनोद चालले. मग मी काय करायचं?

पारवा

माळरान, मूळ प्रश्न परत आणलात, आणि तोही नेमका. ग्रुपवर सगळ्यांसमोर भिडण्याआधी त्यातल्या एकाला वेगळं गाठा. जो विनोदावर हसत नाही, नुसता गप्प असतो, असा एकजण असतोच. त्याच्याशी आधी बोलून ठेवा. पुढच्या वेळी तुम्ही लिहिलंत की पाठोपाठ त्याने एक ओळ लिहायची, बस. एकट्याची टर उडते, दुसरा बोलला की विनोद आपोआप मंदावतात. आमच्या गटातल्या मुलांनी हे करून पाहिलंय.

अनाहत

माळरान, तू परवा लिहिलंस तीच मोठी गोष्ट आहे रे.

आपल्या भाषेतलंच एक उदाहरण देते. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ मध्ये आलं तेव्हा त्यांच्यावर सडकून टीका झाली, आणि ती करणाऱ्यांत सत्यशोधक वर्तुळातले लोकही होते. जोतीराव फुले यांनी 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेतून ताराबाईंची बाजू घेतली, आपल्याच सहकाऱ्यांना उत्तर दिलं. विरोधकांशी भांडणं त्यांना नवं नव्हतं, पण स्वतःच्या माणसांना सुनवायला वेगळी हिंमत लागते. तुझा ग्रुप म्हणजे तुझी माणसंच आहेत.

आभा

माळरान, तुझ्या प्रश्नात एक गोष्ट सुटतेय, ती मुलगी. तिचे फोटो फिरतायत हे तिला माहीत आहे का? ग्रुपवर वाद जिंकण्याआधी तिच्यापर्यंत हे पोचायला हवं. तू थेट जाऊ नकोस, ती घाबरेल. तिच्या ओळखीच्या, तिचा विश्वास असलेल्या एखाद्या मुलीमार्फत कळव. फोटो कुठेही पुढे पाठवू नकोस, पुरावा म्हणूनसुद्धा नाही. ग्रुपचं नाव, कुणी टाकले, कधी टाकले, एवढं लिहून ठेव. तक्रार करायची की नाही हे तिने ठरवायचं. ती हो म्हणाली तर साक्षीला उभं राहायची तयारी ठेव. तिथे तुझी खरी गरज लागेल.

धूमकेतू

आभाशी सहमत, आणि हे मी सहसा लिहीत नाही. माळरान, साक्षीला उभं राहायची वेळ आली आणि मित्रांनी त्रास दिला, तर इथे लिही किंवा मला निरोप पाठव. एकट्याने निस्तरायला जाऊ नकोस.

माळरान

आभाताई, तिला माहीत नाहीये बहुतेक. तिची एक मैत्रीण माझ्या बहिणीच्या वर्गात आहे. आज संध्याकाळी बहिणीशी बोलतो आणि कुणी टाकले, कधी टाकले ते आत्ताच लिहून काढतो.